कार्डावर नवा रुपया नाही

प्रिय बाळ,

नवं क्रेडिट कार्ड घेऊन त्यावर जुन्या कार्डाची बाकी हलवायचा तुझा अर्ज फेटाळला गेला आणि आता दुसऱ्या कोणत्या बँकेत प्रयत्न करू, असं तू विचारलं आहेस. कुठेच करू नकोस. निदान सहा महिने तरी नाही. प्रत्येक अर्जामागे तुझ्या सिबिल अहवालात, म्हणजे तुझ्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात, एक चौकशी नोंदली जाते, आणि महिन्याभरात तीन-चार चौकश्या दिसल्या की पुढचा अधिकारी एवढंच समजतो की या माणसाला पैशाची घाई आहे.

नकार मनाला लावून घेऊ नकोस, पण त्याचं कारण मात्र मागून घे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे कार्डाचा अर्ज फेटाळला तर नेमकं कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तोही काढ. तुझ्या बाबतीत मला कारण उघड दिसतं. दीड लाखाच्या मर्यादेतले एक लाख वीस हजार वापरलेले, म्हणजे ८० टक्के, आणि शेजारी ओव्हरड्राफ्टही (खात्यात पैसे नसताना ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँकेकडून उचलता येणारे पैसे) निम्म्याहून जास्त उचललेला. त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या आणि विनातारण वैयक्तिक कर्जांसाठी बँकांना जास्त भांडवल राखायला लावलं, तेव्हापासून अशा अर्जांकडे बँका अधिक बारकाईने बघतात.

पण अर्ज मंजूर झाला असता तरी मी हेच लिहिलं असतं: कार्डावर आता नवा रुपया टाकायचा नाही. बाकी एका कार्डावरून दुसऱ्यावर गेली की जुन्याची मर्यादा मोकळी होते. ती पुन्हा भरली की एका कर्जाची दोन कर्जं होतात. बॅलन्स ट्रान्सफर घेऊन बुडणारे बहुतेक जण इथेच बुडतात.

आता तुझे आकडे बघू. कार्डाचा दर महिना ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२. एक लाख वीस हजारांवर महिन्याचं व्याज ४,३२० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७७८. एकूण ५,०९८. तुझा मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, ६,००० येतो. तो भरलास तर मुद्दलातून जेमतेम ९०० रुपये कमी होतात. दर महिन्याला ठरवून ६,००० च भरत राहिलास तर ४६ महिने लागतील आणि एकूण दोन लाख त्र्याहत्तर हजारांच्या आसपास जातील. मिनिमम ड्यू भरला की लेट फी टळते आणि खातं थकीत होत नाही, त्याचा उपयोग तेवढाच. 'मी दर महिन्याला वेळेवर भरतोय' असं तू लिहिलं आहेस. खरं आहे, पण तू कार्डावर भरतोयस त्यातलं निम्म्याहून जास्त व्याजातच जातं.

आता मी हट्टाला पेटते ती जागा. बाकी शिल्लक असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. ज्या दिवशी खरेदी, त्या दिवसापासून व्याज. तीन हजारांचा किराणा कार्डावर घेतलास तर तो महिन्यात १२७ रुपयांनी महागतो. रिवॉर्ड पॉइंट त्याच्या जवळपासही येत नाहीत. कार्डावरून रोख काढलीस तर आधीच अडीच टक्क्यांच्या आसपास शुल्क, वर पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून कार्डावर नवा रुपया नाही. पेट्रोल नाही, मोबाइलचा रिचार्ज नाही, मित्रांचं बिल भरून नंतर वाटून घेणं तर अजिबात नाही.

नुसता निश्चय पुरत नाही, रस्ते बंद करावे लागतात. रुपे कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर आज काढून टाक. चहाच्या टपरीवर स्कॅन करताना पैसे खात्यातून गेले की कार्डातून, हे लक्षातही येत नाही. खरेदीच्या आणि जेवण मागवण्याच्या अ‍ॅपमधून साठवलेलं कार्ड पुसून टाक. दरमहा आपोआप कापली जाणारी सबस्क्रिप्शनं आधी डेबिट कार्डावर हलव, नाहीतर ती मागच्या दाराने बाकी वाढवत राहतील. मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑनलाइन, टॅप आणि परदेशी व्यवहार बंद कर. ही सोय प्रत्येक बँकेला द्यावीच लागते. मर्यादा मात्र कमी करून घेऊ नकोस, कारण तेवढ्याच बाकीचं प्रमाण अहवालात आणखी जास्त दिसेल.

ओव्हरड्राफ्टबद्दल तुझा गोंधळ जास्त आहे आणि तो समजण्यासारखा आहे. एक लाखाची मर्यादा, त्यातले साठ हजार वापरलेले, दर १५ टक्के. म्हणजे महिन्याला ७५० रुपये व्याज. या व्याजावर जीएसटी नाही. कार्डाच्या व्याजावर आहे. कार्ड जीएसटी धरून महिन्याला सव्वाचार टक्के खातं, ओव्हरड्राफ्ट सव्वा टक्का. तरी तू दोन्हीकडे सारखे नऊ-नऊ हजार टाकतोयस, कारण 'दोन्ही थोडं थोडं कमी होतंय' असं वाटून बरं वाटतं. हे थांबव. तुझ्या १८,००० मधून ओव्हरड्राफ्टचं ७५० व्याज बाजूला काढ आणि उरलेले १७,२५० कार्डावर टाक. कार्ड नवव्या महिन्यात फिटेल. त्यानंतर तेच १८,००० ओव्हरड्राफ्टवर लाव, साडेतीन महिन्यांत तोही संपेल. वर्षभराचं काम आहे, आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

आणखी एक करता येईल, पण कार्ड वापरणं खरोखर बंद केलं असशील तरच. ओव्हरड्राफ्टमध्ये चाळीस हजार शिल्लक आहेत. त्यातले तीस हजार काढून कार्डावर भर. दरांतल्या फरकामुळे पहिल्या महिन्यातच सुमारे ९०० रुपये वाचतील. दहा हजार हात न लावता ठेव, नाहीतर विम्याचा हप्ता किंवा एसआयपी परत जाईल आणि वाचलेलं सगळं दंडात जाईल. हेही ध्यानात ठेव की ओव्हरड्राफ्ट बँक दरवर्षी तपासते आणि मागेल तेव्हा परत द्यावा लागतो. पगार खातं बदललं तर मर्यादा जाऊ शकते. नोकरी बदलायचा विचार असेल तर हा मार्ग सोड. आणि अ‍ॅपमध्ये दिसणारी 'उपलब्ध शिल्लक' ही तुझी शिल्लक नाही, तिच्यात बँकेची मर्यादा मिसळलेली असते. खात्याचा उणे आकडा बघायची सवय लाव.

ईएमआयचं विचारलंस. तुझ्याच कार्डाची बँक बाकी हप्त्यांत बदलून देत असेल तर जरूर विचार, त्यासाठी बहुधा नवी चौकशी लागत नाही. फक्त दर घटत्या बाकीवर आहे की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर, हे आधी विचार. 'महिना फक्त १.२ टक्के' हा फ्लॅट दर असेल तर बारा महिन्यांच्या हप्त्यांत तो वर्षाला साडेपंचवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. वर प्रक्रिया शुल्क, आणि कार्डाचा ईएमआय असल्याने व्याजावर पुन्हा जीएसटी. तरीही ४३ पेक्षा कमीच आहे, म्हणून घे. पण हप्ता चुकला तर सवलत रद्द होऊ शकते. आणि प्रत्येक हप्त्यागणिक मर्यादा मोकळी होत जाईल. ती वापरायची नाही. कार्डावर नवा रुपया नाही, हे मी पुन्हा लिहिते आहे, कारण ईएमआय मिळाला की पहिला विसर याचाच पडतो.

तुझ्या कंपनीत पगारदार नोकरांची पतसंस्था असेल तर चौकशी कर. हप्ता पगारातूनच कापला जातो आणि दर कार्डापेक्षा कितीतरी कमी असतो. पीपीएफ खातं तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर त्यावरही स्वस्त कर्ज मिळतं. मुदत ठेव असेल तर ती मोड. सहा-सात टक्के मिळवण्यासाठी त्रेचाळीस टक्के भरण्यात शहाणपणा नाही. एक महिन्याच्या खर्चाची रक्कम तेवढी राख. आणि झटपट कर्जाची अ‍ॅपं, भाडं भरल्याचं दाखवून कार्डातून रोख काढणं, कमिशन घेऊन कार्ड स्वाइप करून पैसे देणारे दुकानदार, यांच्या वाटेला जाऊ नकोस. तुझ्या परिस्थितीतल्या माणसाला हेच मार्ग सर्वांत सोपे वाटतात, म्हणून इतकं तोडून लिहिते.

व्याज रोजच्या रोज चढतं, तेव्हा बिल भरायच्या शेवटच्या दिवसाची, १८ तारखेची, वाट पाहू नकोस. पगार १ तारखेला येतो, १ तारखेलाच भर. बारा हजार रुपये सतरा दिवस आधी भरले तर जीएसटी धरून २८५ रुपये वाचतात. शेवटच्या पूर्ण भरण्यानंतरही पुढच्या बिलात थोडं व्याज येईल. ते बिलाच्या तारखेपासून पैसे भरल्याच्या तारखेपर्यंतचं असतं. घाबरू नकोस, पण भरायला विसरूही नकोस, कारण शे-दोनशे रुपयांच्या थकबाकीनेही अहवाल बिघडतो.

मध्येच नोकरी गेली किंवा हप्ता जमेनासा झाला तर ९० दिवस उलटायच्या आत बँकेला स्वतः ईमेल कर आणि फेडीची मुदत वाढवून माग. 'सेटलमेंट'ला, म्हणजे कमी रक्कम घेऊन कर्ज मिटवायच्या तडजोडीला, चटकन होकार देऊ नकोस, अहवालात 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढे घरकर्जाच्या वेळी तोच आडवा येतो. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

तुला माझा सूर कडक वाटेल. बाहेर जाणं बंद कर, कॉफी सोड, असलं मी काही लिहिलेलं नाही. तुझ्या पगारात तू काय खातोस-पितोस तो तुझा प्रश्न. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, आणि तो मी सोडणार नाही, कारण वरची सगळी गणितं तिच्यावर उभी आहेत. महिन्याला आठ हजारांची नवी खरेदी झाली तर नऊ महिन्यांचा हिशेब वीस महिन्यांच्या आसपास जातो.

यूपीआयमधून कार्ड आज रात्रीच काढ. १ तारखेला पैसे भरलेस की बाकीचा आकडा मला कळव, आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये नवी खरेदी किती दिसते तेही.