दोघांच्या घरातलं माप

बाळा,

तू विचारलंस की आईबाबा दोघंही रिटायर झालेत, पेन्शन ठरलेली आहे, तरी किराणा भाजी दुधाचा खर्च काही कमी होत नाही आणि रोज काही ना काही डस्टबिनमध्ये जातंय, तर त्यांना समजवायचं कसं. आधी हेच सांगते की समजवायला जाऊ नकोस. ज्यांनी लहानपणी तुला ताटात टाकलंस म्हणून रागावलं त्यांना तूच आता म्हणालास की तुम्ही अन्न वाया घालवता, तर ते मनाला फार लागतं रे. आणि मग माणसं टाकायचं बंद करतात आणि शिळं खायला लागतात. आमच्याकडे हेच झालं म्हणून सांगते.

मी रिटायर झाले तेव्हा घरात आम्ही दोघंच उरलो होतो पण तांदूळ मोजायचा कप मात्र तोच, पाच जण जेवायचे तेव्हाचा. हात सवयीने तेवढेच कप घ्यायचा. रोज भात उरायचा, तो झाकून दिवसभर ओट्यावर राहायचा, रात्री कधीतरी आठवण झाली की फ्रीजमध्ये जायचा आणि दुसऱ्या दिवशी गरम करून आम्ही संपवायचो. एकदा त्याच भाताने ह्यांना इतक्या उलट्या झाल्या की रात्री दवाखाना गाठावा लागला, सलाईन लावलं, आणि मूठभर भात वाचवायच्या नादात त्या महिन्याचं सगळं बजेट तिकडे गेलं. डॉक्टर तेव्हा जे बोलले ते पक्कं डोक्यात बसलंय. तांदळात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू असतात, त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तासनतास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष परत कितीही गरम केलं तरी जात नाही. त्यामुळे उरलेला भात पसरट डब्यात काढायचा म्हणजे पटकन गार होतो, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. बाकी शिजवलेलं तीन-चार दिवस चालतं, त्यापुढे नाही.

अजून एक गोष्ट तुझ्या वयात लक्षात येत नाही. वय झालं की वास आणि चव दोन्ही कमी होतात. आई म्हणेल मी वास घेऊन बघितलं, चांगलं आहे, आणि ती खोटं बोलत नसते, तिला खरंच वास येत नसतो. म्हणून नाकावर सोडू नका, डब्यावर कागदी टेप चिकटवा आणि तारीख लिहा. मला आधी हे जरा अतीच वाटलं होतं, आता टेप संपली की चैन पडत नाही.

पैसे कुठे वाचतात तर ते बाजारात आणि मापात. भाजीच्या सालींचं काहीतरी करा वगैरे लोक सांगतात, करा की, पण खरा खर्च तिथे नाहीये. मी पंधरा दिवस एका वहीत फक्त एवढंच लिहिलं की आज काय टाकलं आणि का टाकलं. वही पुन्हा वाचली तेव्हा कळलं की सगळ्यात जास्त भात, मग पालेभाजी, मग ब्रेड, आणि "का" च्या खाली जवळपास प्रत्येक वेळी "जास्त आणलं" किंवा "जास्त केलं" असंच. स्वस्त मिळतीये म्हणून एकाऐवजी तीन जुड्या घेतल्या आणि दोन सडल्या तर ती एकच जुडी तिप्पट भावाने पडली ना. मी मोठा कप माळ्यावर टाकला आणि छोटा आणला, बस, पुढच्याच आठवड्यापासून भात उरायचा थांबला. आईबाबांना पण ही वही लिहू दे, तू लिहू नकोस, स्वतःच्या अक्षरात वाचलं की आपोआप पटतं.

फ्रीज एकदा तू स्वतः बघ. आत ५ अंशाच्या वर तापमान नको आणि फ्रीझर उणे १८ ला हवा, छोटा थर्मामीटर ठेवलास तर लगेच कळेल. दूध दारात ठेवतात सगळे पण दाराची जागा सगळ्यात गरम, सारखं उघडबंद होतं, दूध आत मागे ठेवायचं. आणि पुढच्या कप्प्यात नजरेसमोर एक उघडा ट्रे, त्यात जे आधी संपवायचं ते, स्वयंपाकाला लागायच्या आधी तिथे बघायचं. पालेभाजी कोरड्या कापडात गुंडाळून, कांदे बटाटे वेगवेगळे आणि बटाटे अंधारात, पिकलेली केळी सफरचंदं बाकीच्या भाजीपासून लांब कारण त्यातून इथिलीन गॅस निघतो आणि शेजारचं सगळं लवकर पिकतं, पिवळं पडतं. ब्रेड आणल्या आणल्या अर्धा फ्रीझरमध्ये. फक्त हे लक्षात असू दे की फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, बाहेर काढलं की परत चालू.

पाकिटावरच्या तारखेवरून पण बरंच वाया जातं. बेस्ट बिफोर म्हणजे तोपर्यंत चव आणि कुरकुरीतपणा उत्तम, त्या दिवसानंतर पदार्थ लगेच खराब झाला असं नाही. यूज बाय लिहिलं असेल तर ते मात्र पाळायचं, तिथे काटकसर नको.

आणि आईला अपराधी वाटू देऊ नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये आहे की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण ६० टक्के घराघरांतून गेलं, माणशी वर्षाला ७९ किलो. मला इतकी वर्षं वाटायचं की हे सगळं हॉटेलांतून जातं.

शेवटी तुझ्याबद्दल बोलते, राग मानू नकोस. तू भेटायला जाताना पिशव्या भरभरून नेतोस ना, मोठे पॅक, फळांच्या पेट्या? प्रेमाने नेतोस हे त्यांना कळतं, म्हणूनच ते नको म्हणत नाहीत आणि टाकवतही नाही. माझी मुलं पण असंच आणायची, मी निम्मं लपवून टाकायचे आणि दिवसभर वाईट वाटायचं. या वेळी निघायच्या आधी फोन कर, ट्रेमध्ये काय आहे ते विचार आणि जे नाहीये तेवढंच ने. आणि तो छोटा कप, तो मात्र तूच घेऊन जा.