जुने कृष्णधवल फोटो आणि जुने सिनेतारे आजही इतके का भावतात?

हा निव्वळ गतकाळाचा मोह असावा का, असं कुणीही विचारेल. मला तसं वाटत नाही. ज्या काळात मी जन्मलोही नव्हतो त्याच्यासाठी मी कसा हळवा होणार? तरीही जुन्या हॉलिवूडची तारका ग्रेटा गार्बो हिचा एखादा फोटो समोर आला की पुढचं पान उलटावंसं वाटत नाही.

माझ्या मते त्या फोटोंमध्ये वेळ मुरलेला असतो. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने 1838 मध्ये पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला. एक्सपोजर, म्हणजे प्लेटवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, काही मिनिटांचं, त्यामुळे धावत्या गाड्या आणि चालती माणसं प्लेटवर उमटलीच नाहीत. रस्ता ओस दिसतो. उमटला तो कोपऱ्यावर बुटांना पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, पण मी दर वेळी आधी त्यालाच शोधतो.

पुढे एक्सपोजर कमी झालं, कष्ट मात्र तसेच राहिले. 1930 च्या दशकात हॉलिवूडचे जॉर्ज हरेलसारखे छायाचित्रकार 8×10 इंचांच्या निगेटिव्हवर काम करायचे. पापणीचा केस न् केस त्यात यायचा. मग त्याच निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करून डाग, सुरकुत्या झाकायच्या. अभिनेत्री जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर भरपूर बारीक तपकिरी ठिपके होते. तिच्या गाजलेल्या फोटोंत ते शोधून सापडत नाहीत. याला कुणी फसवणूक म्हणेल, मी म्हणणार नाही. एक माणूस तासन् तास दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाकून रेघा ओढतोय, हे काम मला चित्रकाराचंच वाटतं. गालावर प्रकाशाचा त्रिकोण पाडणाऱ्या प्रकाशयोजनेला तर आजही रेम्ब्रांट या डच चित्रकाराचंच नाव आहे.

मूकपटांतले चेहरे या जगातले वाटत नाहीत, त्यामागे रसायनही आहे. त्या वेळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे लाल ओठ काळेभोर यायचे आणि निळे डोळे जवळजवळ पारदर्शक. 1920 च्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि ते रूप ओसरलं.

म्हणूनच असे फोटो रंगीत करण्याची हल्लीची हौस मला पटत नाही. राखाडी छटेवरून मूळ रंग कळत नाही, तो अंदाजानेच भरावा लागतो. शिवाय छायाचित्रकाराने सगळी मांडणी सावल्यांसाठी केलेली असते, आणि रंग चढला की नजर सावलीवरून उडते.

पुढच्या वेळी असं एखादं पोर्ट्रेट मिळालं तर मोठं करून आधी डोळे बघा. बुबुळात एक पांढरा ठिपका असेल, ते दिव्याचं प्रतिबिंब. तो बुबुळात वर आहे की बाजूला, एक आहे की दोन, यावरून त्या दिवशी स्टुडिओत दिवे कुठे ठेवले होते ते कळतं.