अमेरिकन मासिकांतले जुने, गप्पांच्या ढंगातले विनोदी निबंध वाचायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या 'द ऑटोक्रॅट ऑफ द ब्रेकफास्ट-टेबल'पासून करा. बॉस्टनच्या 'अटलांटिक मंथली'च्या नोव्हेंबर १८५७ च्या पहिल्याच अंकापासून ही लेखमाला आली, १८५८ मध्ये पुस्तक झालं. खाणावळीतलं न्याहारीचं टेबल, बोलणारा एकच, पण मालकीणबाई, शिक्षिका, धर्मशास्त्राचा विद्यार्थी मध्येमध्ये तोंड घालतात. निबंधाला रंगत येते ती या अडथळ्यांमुळेच. दोघं बोलतात तेव्हा खरं तर सहा जण बोलत असतात, हा सिद्धांत हा बोलणारा मांडतो: प्रत्येकात तिघं असतात, समजा जॉन घेतला तर खरा जॉन, जॉनच्या मनातला जॉन आणि समोरच्याच्या मनातला जॉन. ते ऐकून टेबलाशी बसलेला जॉन नावाचाच तरुण परडीतले उरलेले तिन्ही पीच उचलतो, तिघांना एकेक म्हणून! इतका नेमका विनोद त्या काळात फार थोड्यांना साधला. मात्र 'पहिला' मान होम्सना देऊ नका. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन आयर्व्हिंग आणि मंडळींचं 'सॅल्मागंडी' हे नियतकालिक १८०७ मध्येच निघालं होतं. पण त्यात शहराची टिंगल जास्त, संभाषण कमी. होम्सच्या मधल्या कविता पहिल्या वाचनात गाळल्या तरी चालतील, 'द चेंबर्ड नॉटिलस' तेवढी गाळू नका.