डोळ्याजवळचे तीन ठिपके आणि हॉटेलातली नोकरी

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. शेती आहे, जोडीला दुधाचा धंदा. थोरला मुलगा पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीला घरी आला तो उजव्या डोळ्याच्या कडेला तीन काळे ठिपके गोंदवून. म्हणतो, पणजीच्या गालावर होते तसेच आहेत. जानेवारीत कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू होतील. पाहुणे म्हणतात लेसर करा, शेजारी म्हणतात मीठ-लिंबू चोळा, पोरगा म्हणतो आजकाल कोण बघतं. त्याला पुढे क्रूझवर जायचंय. धाकटा अग्निवीरची तयारी करतोय, त्यालाही आता हातावर काहीतरी काढायची हुक्की आलीय. थोरल्याला नोकरी मिळेल का?

उत्तर : नमस्कार. सगळ्यात आधी ते मीठ-लिंबू थांबवा. टॅटूची शाई कातडीच्या आतल्या थरात मुरलेली असते, ती चोळून निघत नाही. डोळ्याजवळची कातडी पातळ. तिथे जखम होईल, वण राहील आणि ठिपके जागच्या जागीच असतील.

आता नोकरी. मिळेल. पण हॉटेलातली प्रत्येक नोकरी मिळणार नाही, आणि कुठली अवघड जाईल हे आत्ताच कळलेलं बरं. फ्रंट ऑफिस (म्हणजे रिसेप्शन) आणि रेस्टॉरंट सर्व्हिस या दोन खात्यांत चेहरा हाच कामाचा भाग. शिफ्टच्या आधी ब्रीफिंग होतं तेव्हा सुपरवायझर नखं, दाढी, बूट, नेमप्लेट बघत रांगेतून फिरतो. त्या रांगेत हातावर टॅटू असलेली मुलं असतातच. टॅटू फुल बाह्यांत जातो, घड्याळाच्या पट्ट्याखाली जातो, कुणाचं काही अडत नाही. डोळ्याजवळचे ठिपके कशाखाली घालणार?

‘आजकाल कोण बघतं’ हे तुमच्या मुलाचं म्हणणं हातापुरतं खरं आहे. स्टारबक्सने 2014 मध्ये कर्मचाऱ्यांना टॅटू दाखवायची परवानगी दिली, पण चेहरा आणि गळा सोडून. डिस्नेने आपल्या पार्कांमध्ये 2021 मध्ये नियम सैल केले, तिथेही चेहरा, डोकं आणि मान वगळली. व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीने 2022 मध्ये केबिन क्रूला मुभा दिली, तेव्हाही चेहरा आणि मानेवरची बंदी ठेवली. सैल झालेल्यांनी जिथे हात आखडता घेतला, नेमक्या त्याच जागी तुमच्या चिरंजीवांनी सुई फिरवून घेतली आहे. आपल्याकडे तर विमान कंपन्यांच्या केबिन क्रूच्या जाहिरातींत युनिफॉर्ममध्ये टॅटू दिसता कामा नये असं सर्रास छापलेलं असतं.

पणजीचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे कपाळावर, हनुवटीवर, गालावर गोंदलेल्या म्हाताऱ्या गावोगाव होत्या, अजूनही आहेत, आणि त्या ठिपक्यांमुळे कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. न्यूझीलंडमध्ये नानाया माहुता 2020 साली परराष्ट्रमंत्री झाल्या, त्यांच्या हनुवटीवर माओरी परंपरेचं गोंदण आहे. एअर न्यूझीलंडने त्याच्या आदल्याच वर्षी कर्मचाऱ्यांना असं पारंपरिक गोंदण उघडं ठेवायला परवानगी दिली. पण तिथे ते गोंदण कशाचं आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. तुमच्या मुलाचा इंटरव्ह्यू घेणारा एचआर मॅनेजर दिल्लीचा असेल, बंगळुरूचा असेल. त्याला तुमच्या घरची पणजी दिसणार नाही.

आणि क्रूझचं म्हणाल तर इथे मला खरी काळजी वाटते. डोळ्याच्या कडेला तीन ठिपके ही खूण अमेरिकेत तुरुंगांशी आणि लॅटिन टोळ्यांशी जोडली जाते, तिथल्या पोलिसांना ती पाठ असते. मोठ्या क्रूझ कंपन्यांची बरीच जहाजं अमेरिकेच्या बंदरांना लागतात, त्यासाठी तिथला क्रू व्हिसा काढावा लागतो आणि व्हिसासाठी अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं. 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेल्या एका प्रकरणात एल साल्वाडोरच्या एका माणसाचा व्हिसा नाकारलेला होता, आणि त्याच्या अंगावरच्या टॅटूंचा अर्थ काय हा त्यात वादाचा मुद्दा होता. साताऱ्याच्या पोराला कुणी टोळीवाला ठरवेल असं मी म्हणत नाही. पण ठिपके काढणाऱ्या आर्टिस्टने हे सांगितलं होतं का, एवढं त्याला विचारा. बहुधा नसणार.

कायद्याने भांडता येईल का, असं वडील मंडळी नेहमी विचारतात म्हणून सांगून टाकते. खासगी कंपनीशी नाही. टॅटूवरून नोकरी नाकारू नका असा कायदा आपल्याकडे नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली. त्याला कुठलं खातं आवडतं? किचन म्हणत असेल तर चित्र बरंच बदलतं. शेफ लोकांत टॅटूचं अप्रूप राहिलेलं नाही. ‘कमी’ (commis, म्हणजे किचनमधला नवखा ज्युनियर शेफ) म्हणून लागलेल्या मुलाचा सुरीवरचा हात, स्वच्छता आणि गर्दीच्या वेळी डोकं शांत राहतं का, हे बघितलं जातं. पंचतारांकित हॉटेलात थोडी मेख आहे, कारण सकाळच्या बुफेत ऑम्लेटच्या काउंटरवर बहुतेक वेळा या ‘कमी’लाच उभं करतात आणि समोर पाहुणे असतात. पुणे, मुंबई, गोव्यातली स्वतंत्र रेस्टॉरंटं, बेकऱ्या, क्लाउड किचन यांना मात्र फारसा फरक पडत नाही. पगाराची सुरुवात कमी होईल, काम दुप्पट शिकायला मिळेल.

फ्रंट ऑफिसच हवं असेल तर कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला आत्ताच भेटू दे. येणाऱ्या प्रत्येक हॉटेलला ग्रूमिंगचे नियम ईमेलवर विचारून घ्यायला सांगायचं. ‘कन्सीलर (डाग झाकायचा मेकअप) लावून चालेल’ असं लेखी आलं तर प्रश्न मिटला, एसीतल्या डेस्कवर कन्सीलर दिवसभर टिकतो. किचनच्या वाफेत तासाभरात ओघळतो, तिथे तो नाद नको. पण इंटरव्ह्यूला लपवून जायचं आणि जॉइनिंगला उघडं पडायचं, असं अजिबात करू नका. अर्जावरच्या फोटोतूनही ठिपके पुसू नयेत. विचारलं तर ‘आमच्या पणजीचं गोंदण आहे, ड्यूटीवर झाकायला माझी हरकत नाही’ एवढं बोलून विषय संपवायचा. भाषण नको.

लेसर जानेवारीच्या आत होणार नाही, हे पाहुण्यांना सांगा. एक बैठक झाली की पुढची साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, आणि अशा अनेक लागतात. इंटरव्ह्यूला खपली धरलेला डोळा घेऊन बसण्यापेक्षा ठिपके परवडले. त्यातल्या त्यात बरं म्हणजे काळी शाई लेसरला सगळ्यात चांगली दाद देते. सावळ्या त्वचेवर पांढरे किंवा काळे डाग पडायचा धोका असतो आणि डोळ्यात संरक्षक कवच घालावं लागतं, त्यामुळे पार्लरमध्ये नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडेच. आणि वरून कातडीच्या रंगाची शाई भरून झाकतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. त्या शाईवर पुढे लेसर मारला की ती उलट काळी पडू शकते.

काढायचं की ठेवायचं हे त्याला ठरवू द्या. तो सज्ञान आहे, चेहरा त्याचा आहे. क्रूझचं त्याने खरंच मनावर घेतलं असेल तर तो स्वतःच डॉक्टरची वेळ घेईल. घरात अबोला धरून त्यात काही भर पडणार नाही.

धाकट्याची गोष्ट सोपी आहे, कारण तिथे नियम छापील आहेत. सैन्यात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, म्हणजे हाताच्या आतल्या अंगाला, आणि पंजाच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो. चेहऱ्यावरच्या किंवा अंगावरच्या परंपरागत गोंदणाची सवलत फक्त आदिवासी जमातींच्या उमेदवारांना आहे. सीआयएसएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांत नियम आणखी कडक. आतल्या अंगाला काढायचा तर डावाच हात, कारण उजव्याने सलाम करतात, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शाहून कमी. तो दोन्हीकडे अर्ज भरणार असेल तर कडक नियम धरून चाला. खरं तर मेडिकल होऊन हातात पत्र पडेपर्यंत त्याने सुईच्या जवळच जाऊ नये. भरतीची जाहिरात निघाली की टॅटूचा परिच्छेद त्याला तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला लावा.