लॅक्रॉसच्या गोलकीपरला पुढे कोच होता येतं का?

तुमचा प्रश्न असा: मुलगी नववीत, शाळेच्या लॅक्रॉस (टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) टीममध्ये तिला गोलकीपर केलंय, आणि "हे म्हणतात, चेंडू खायला उभं राहण्यात कसलं करिअर? पुढे कोच वगैरे तरी होतात का असे लोक?" वाचून हसूच आलं. आमच्याकडे शब्दशः हाच संवाद झाला होता, फक्त "हे म्हणतात" मधला "हे" मी होतो.

मी डोंबिवलीचा, क्रिकेटवर वाढलेला. न्यू जर्सीत आल्यावर मुलीने आठवीत हे खूळ घेतलं. पाच वर्षं गोलच्या मागे खुर्ची टाकून बसलोय, तेवढ्या अधिकारावर सांगतो: होतात.

डेव्हन विल्सचं उदाहरण बघा. डेन्व्हरकडची मुलगी, डार्टमथ कॉलेजची गोलकीपर. २००६ मध्ये तिचा संघ राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि नॉर्थवेस्टर्नकडून हरला. त्या जिंकलेल्या संघात लिंडसी मंडे नावाची खेळाडू होती. पुढे दोघी अमेरिकेच्या संघात एकत्र आल्या. मंडेने लॉस एंजेलिसला यूएससी विद्यापीठाचा महिला संघ अगदी शून्यातून उभा केला (पहिला हंगाम २०१३), तेव्हा सहायक म्हणून विल्सला सोबत घेतलं. जिला फायनलमध्ये हरवलं तिलाच! विल्स कोचिंग करता करता खेळतही राहिली. २००९ला प्राग, २०१३ला ओशावा, २०१७ला गिल्डफर्ड, अशा तीन जागतिक विजेत्या संघांत ती होती. मधल्या काळात न्यूयॉर्क लिझर्ड्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने तिला करारबद्ध केलं. मला सगळ्यात आवडतं ते हे: २०१७च्या संघातली दुसरी गोलकीपर गसी जॉन्स ही यूएससीत तिच्याच हाताखाली शिकत होती. गुरू आणि चेली एकाच गोलसाठी निवडल्या गेल्या. २०१९ मध्ये विल्स हार्वर्डची मुख्य प्रशिक्षक झाली.

आता गोलकीपरच का, ते सांगतो. लॅक्रॉसचा गोल सहा फूट बाय सहा फूट, पण खेळ गोलच्या मागेही चालतो. फुटबॉलसारखी मागे एंड लाइन आली की सुटलो, असं नाही. मागच्या त्या जागेला "एक्स" म्हणतात. तिथून चेंडू कधी डावीकडून, कधी उजवीकडून पुढे येतो, आणि आपल्या बचावातल्या मुलींची पाठ नेमकी त्याच वेळी तिकडे असते. सगळं मैदान समोर दिसणारी एकटी गोलकीपर. म्हणून तिने अखंड बोलायचं असतं: चेंडू कुठे आहे, कोण मोकळी सुटलीय, कुणी आपली खेळाडू सोडून मदतीला धावायचं. चेंडू अडवला की पुढच्या दहा सेकंदांत तो क्रीजबाहेर (गोलभोवतीच्या वर्तुळाबाहेर) कुणाकडे द्यायचा, तेही तिनेच ठरवायचं. म्हणजे सामना चालू असताना आतून कोचिंगच.

आमच्या बाईसाहेबांची अडचण इथेच होती. हात चपळ, पण तोंडातून आवाज नाही. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये, हे तिला आम्हीच शिकवलेलं ना! कोचने सांगितलं, चेंडू नंतर बघू, आधी ओरडायला शिक. मग रोज संध्याकाळी ती गॅरेजच्या दारासमोर उभी आणि मी जुन्या स्टिकने टेनिसचे चेंडू मारतोय. मी जागा बदलली की तिने "टॉप लेफ्ट!", "एक्स!" असं ओरडायचं. ओरडली नाही तर तो चेंडू, अडवला तरी, गोल धरायचा. तिसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा काठी टेकत आले आणि हळूच विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? दारावरचे पोचे अजून आहेत.

दुसरी गोष्ट, गोल होतात. भरपूर होतात. या खेळात शंभरातले पन्नास अडवणारी गोलकीपर उत्तम समजतात. पहिल्या सामन्यात अकरा गोल झाले तेव्हा मी गाडीत बसून वाईट तोंड करत होतो. ती मागच्या सीटवर सँडविच खात होती.

तुमच्या मिस्टरांना क्रिकेट कळत असेल तर चंद्रकांत पंडितचं नाव घ्या. मुंबईचा विकेटकीपर, भारताकडून पाच कसोटी. कोच म्हणून विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक, मग २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशाला त्यांचा पहिला, तोही अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. यष्टीमागून जे दिसतं ते मिडविकेटवरून दिसत नाही, एवढं त्यांना पटेल.

पैशांचं मात्र स्पष्ट सांगतो. अमेरिकेत महिला लॅक्रॉसचे पहिल्या श्रेणीतले कॉलेज संघ शंभराहून जास्त आहेत, म्हणजे कोचच्या नोकऱ्या आहेत. पण मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीपर्यंत पोचायला सहायक म्हणून बरीच वर्षं काढावी लागतात. विल्सलाही लागली. डार्टमथ-हार्वर्डसारखी आयव्ही लीगची (अमेरिकेतल्या आठ नामवंत विद्यापीठांच्या गटातली) कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, तेव्हा तो हिशोब आत्ता मांडू नका. हां, २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ सहा-सहा जणांच्या रूपात येतोय, आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं ते मुंबईत, ऑलिंपिक समितीच्या २०२३च्या ऑक्टोबरमधल्या बैठकीत, क्रिकेटच्याच बरोबरीने. हे ऐकून माझे वडील पहिल्यांदा फोनवर म्हणाले, "मग खेळू दे की."

आमची मुलगी कॉलेजात गेल्यावर संघात नाही खेळली. पण शनिवारी सकाळी दहा-बारा वर्षांच्या गोलकीपर मुलींना शिकवते, तासाचे पैसे घेते, आणि मला चेंडू गोळा करायला नेते.

खरेदीचं तेवढं बघा. चेंडू जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूएवढ्या वजनाचा, पण भरीव रबराचा. छातीचं पॅड जुनं, कुणाचं वापरलेलं घेऊ नका. छातीवर नेमक्या जागी, नेमक्या क्षणी फटका बसला तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो, म्हणून अमेरिकेत २०२१ पासून गोलकीपरला एनडी-२०० या सुरक्षा मानकाचं प्रमाणित पॅड सक्तीचं आहे. गळ्याचं संरक्षकही हवंच. आणि माउथगार्ड दोन घ्या, एक पहिल्याच आठवड्यात हरवतं.