मॅटलॅबचं न्यूरल रेकॉर्डिंग पायथनमध्ये नेताना

आधी मॅटलॅबची .mat डेटा फाइल फॉरमॅटच्या कोणत्या व्हर्जनमध्ये सेव्ह झाली आहे ते बघा. ७.३ असेल तर सायपाय या पायथन लायब्ररीचं लोडमॅट फंक्शन ती उघडणारच नाही, कारण आतून ती एचडीएफ५ (मोठ्या डेटासाठीचा वेगळा फाइल फॉरमॅट) असते. तिथे एचडीएफ५ वाचणारी एच५पाय लायब्ररी वापरा. मग अक्ष उलटे दिसतील: ६४ चॅनेल × ३०,००० सॅम्पल इथे ३०,००० × ६४ होतं. डेटा बिघडलेला नाही, फक्त ट्रान्सपोज करा (ओळी आणि स्तंभांची अदलाबदल). रीशेप (तेच आकडे ओळीने नव्या आकारात भरणं) मात्र चुकूनही नको! आकार बरोबर दिसतो, एररही येत नाही, आणि चॅनेल एकमेकांत मिसळून जातात.

स्पाइकच्या (चेतापेशीच्या क्षणिक विद्युत झटक्यांच्या) वेळा सॅम्पल क्रमांकात असतील तर प्रत्येकातून १ वजा करा, कारण मॅटलॅब एकपासून मोजतो आणि पायथन शून्यापासून. सेकंदांत असतील तर हात लावू नका. हे क्रमांक फ्लोट३२ (३२ बिटांचा दशांश संख्यांचा प्रकार) मध्ये ठेवू नका: १,६७,७७,२१६ च्या पुढे त्यात प्रत्येक पूर्णांक मावत नाही. ३० किलोहर्ट्झला (सेकंदाला ३०,००० सॅम्पल) ९ मिनिटं १९ सेकंदांनंतर स्पाइक एखाद्या सॅम्पलने सरकू लागतात. सरळ इंट६४ (६४ बिटांचा पूर्णांक) घ्या.

कच्चा सिग्नल इंट१६ मध्येच राहू द्या. त्याचे आकडे मायक्रोव्होल्टमध्ये बदलणारा गुणक सोबत वेगळा लिहा. झाल्यावर मधल्या एखाद्या चॅनेलचे मधलेच दहा आकडे दोन्हीकडे छापून ताडून पाहा. अगदी पहिला आकडा अक्ष चुकले तरी जुळतोच.