वाचकांचे प्रश्न : ‘शिलिंग संपले, पत्र आटोपतो’

प्रश्न : माझे थोरले काका कापडगिरणीचे काम शिकण्यासाठी १९५२-५३ मध्ये नागपूरहून लँकेशायरमधील एका लहान गावी गेले होते. त्यांची अकरा पत्रे घरात सापडली. मात्र गावाचे नाव असलेला वरचा कोपरा सगळीकडे कसरीने खाल्ला आहे. ‘शिलिंग संपले, बोटे गारठली, पत्र आटोपतो’, ‘माझ्या चीजवर घरमालकिणीचा डोळा आहे’, ‘आज मुलांची दिवाळी, गोळ्या खुल्या झाल्या’, ‘आठवडाभर गावात मी आणि मांजरे’ अशी वाक्ये त्यांत आहेत. ही काकांची थट्टा समजावी की खरी हकीकत? आणि गाव ओळखता येईल का?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : काकांचा स्वभाव विनोदी असेलही, पण या चारही वाक्यांत त्यांनी पदरचे काही घातलेले दिसत नाही.

तेथे भाड्याच्या खोल्यांतून गॅसची शेगडी असे आणि तिच्या मीटरमध्ये नाणे टाकून कळ फिरवल्याखेरीज गॅस येत नसे. नाण्यापुरता गॅस जळला की ज्योत बारीक होत विझे, आणि खिशात नेमके नाणे नसेल तर पाउंडाची नोट असूनही माणूस गारठे. म्हणून शिलिंगे खर्च न करता फडताळावर राखून ठेवण्याची चाल होती. गॅसचा माणूस ठरावीक मुदतीने येऊन मीटरची पेटी स्वयंपाकघरातील टेबलावर उपडी करी, नाण्यांच्या चळती लावून मोजदाद करी आणि जादा भरलेली रक्कम तेथल्या तेथे परत देई. तेव्हा एक रुपया म्हणजे दीड शिलिंग. त्या हिशेबाने शिलिंगाचे जवळजवळ पावणेअकरा आणे होत. नागपुरात वाढलेल्या माणसाने ऊब विकत घेताना हा हिशेब मनात केलाच असणार!

चीजचा उलगडा सोपा आहे. महायुद्ध १९४५ मध्ये संपले तरी ब्रिटनमधील रेशन ४ जुलै १९५४ पर्यंत पूर्णपणे उठले नव्हते. शाकाहारी म्हणून नाव नोंदवून मांसावरील हक्क सोडणाऱ्याला चीज जास्त मिळे. भाडेकरूचे रेशनपुस्तक बहुधा घरमालकिणीकडेच असे, त्यामुळे तिचा डोळा कोठे असेल ते सांगायला नको.

गोळ्या-चॉकलेटांवरील नियंत्रण ५ फेब्रुवारी १९५३ रोजी उठले. त्यापूर्वी १९४९ मध्ये ते एकदा उठवले होते, परंतु मागणीपुढे माल पुरेना, तेव्हा काही महिन्यांत पुन्हा लावावे लागले. साखर मात्र त्या सप्टेंबरपर्यंत रेशनवरच होती. आपल्या त्या पत्रावर तारीख नसली, तरी ती आता घालता येईल.

ओस पडलेले गाव ही ‘वेक्स’ची सुट्टी. मुळात ती गावच्या चर्चची जत्रा. पुढे गिरण्यांनी तिची वार्षिक सुट्टी केली. सगळ्या गिरण्या एकदम बंद होत, बॉयलर विझवून साफ केले जात, भोंगा वाजत नसे, आणि वर्षभर भिशीसारखे साठवलेले पैसे घेऊन गावेच्या गावे खास गाड्यांनी ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्याला लोटत. मागे उरलेल्याला भाजी-पाव मिळण्याचीही पंचाईत, कारण दुकानदारही त्याच गाडीत. एरवी धुरात बुडालेल्या आसपासच्या टेकड्या मात्र त्या दिवसांत स्वच्छ दिसत. काकांनी टेकड्यांबद्दल काही लिहिले आहे का, तेही पाहावे.

गाव शोधण्याचा धागा येथेच आहे. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा असे. त्यामुळे ‘मांजरांच्या’ पत्राची तारीख आधी वाचावी. पोस्टाचा शिक्का पुसट असेल तर कागद उन्हात न ठेवता, खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरावा. नंतर त्या तारखेसह प्रेस्टन येथील लँकेशायरच्या अभिलेखागाराला विचारणा करावी. आणखी एक : क्रिकेटपटू विनू मांकड १९५२ मध्ये लँकेशायरमधील हॅसलिंग्डन गावच्या क्रिकेट क्लबशी करारबद्ध होते आणि लॉर्ड्सच्या कसोटीसाठी त्यांना तेथून मोकळीक घ्यावी लागली होती. उरलेल्या पत्रांत शनिवारी मांकडांना पाहिल्याचा उल्लेख निघाला, तर शोध त्या परिसरातून सुरू करावा. मात्र तेवढ्यावरून हॅसलिंग्डनच धरू नये, कारण शेजारच्या गावांच्या मैदानांवरही ते पाहुणे म्हणून खेळत असत.